जुना राउटर काढण्याआधी

बाबा,

आज सकाळी सव्वादहाला जुन्या राउटरच्या पाठीवरच्या बारीक भोकात मी सेफ्टी पिन घालत होतो. अकराला बेलापूरच्या कार्यालयाची सुनावणी होती, ऑनलाइनच. आपली आळी रस्त्यात जातेय. आधी घरं रिकामी करा, नवी मागाहून मिळतील, असं लिहून आलंय. आळीच्या वतीने मी बोलणार होतो, आणि राउटर दर दहा मिनिटांनी मान टाकत होता. मोबाइलला आपल्या घरात रेंज नाही. नवीन राउटर काल आणून ठेवला होता. जुन्यातली माहिती पुसून तो फेकायचा, नवा लावायचा, पाच मिनिटांचं काम, असं मी ठरवलं. आयुष्यभर मी असंच ठरवत आलो.

"पप्पा, पिन काढ," तुमची नात दारातून म्हणाली. "कनेक्शनचं युजरनेम, पासवर्ड कुठे लिहिलाय?"

"त्या डब्यातच असेल ना."

"डब्यातच आहे. तोच पुसायला निघालायस. तू सभा गाजव, वायरींना हात नको लावू."

पिन काढली आणि तुम्ही आठवलात. सानपाड्याला रस्त्याकडेच्या खड्ड्यात तुम्ही उकिडवे बसून टेलिफोनच्या जुन्या केबलशेजारी नव्या केबलचा सांधा करताय. मी कॉलेजातून तुमचा डबा घेऊन आलोय. तुम्ही पाणी प्यायला वर येता, आणि मी मदत म्हणून जुन्या तारा कापून टाकतो. समोरच्या इमारतीतल्या बाई धावत येतात. दवाखान्यातून फोन यायचा असतो आणि त्यांचा फोन मुका झालेला. तुम्ही मला मारलं नाही. पक्कड काढून घेतलीत. "आदी नवा बोलू दे, मंग जुना तोर," एवढंच म्हणालात. तारा पुन्हा जोडून झाल्यावरच तुम्ही डबा उघडलात. रात्री जेवताना मी म्हणालो, जुनं सोडायची तुमच्यात हिंमतच नाही. तेव्हा मी क्रांत्यांची पुस्तकं वाचत होतो. तुम्ही भाकरी मोडत राहिलात.

पोरीने जुन्याला धक्का लावला नाही. नवा त्याच्या शेजारी मांडला, जुन्यात शिरून सगळी माहिती उतरवून घेतली, नव्यात भरली. नव्याच्या वायफायला नाव आणि पासवर्डही जुनाच दिला, म्हणजे लॅपटॉपला बदल कळणारसुद्धा नाही. मग जुन्याचं वायफाय तेवढं बंद करून बाहेरून येणारी वायर एकातून काढून दुसऱ्यात घातली. लाल दिवा. मी घड्याळाकडे बघतोय, ती दिव्याकडे. हिरवा झाला तेव्हा अकराला चार मिनिटं होती. मी जुन्याचं बटण बंद करायला गेलो.

"राहू दे," ती म्हणाली. "तुझं बोलून होईपर्यंत."

चार पानांचं भाषण लिहिलं होतं, आग ओकणारं. ते वाचलंच नाही. म्हणालो, "साहेब, आधी नवं नांदू द्या, मग जुनं तोडा. तिथल्या नळाला पाणी आलं, चूल पेटली, की इथली भिंत आम्हीच पाडू." साहेबांनी समोरची फाइल पुन्हा उघडली. मग नव्या घरांचा ताबा मिळेपर्यंत पाडकाम थांबवायला सांगितलं. उठता उठता विचारलं, "वाक्य चांगलं आहे. कुणाचं?"

"माझंच," मी म्हणालो.

हे पत्र नव्या राउटरच्या रिकाम्या खोक्यात ठेवतोय. दुपारपासून आळीत तेच वाक्य माझं म्हणून फिरतंय. मी त्यातला फक्त एक शब्द बदलला होता, बाबा. अजून कुणाला सांगितलेलं नाही.