चौथ्या माणसाचा बर्फ

नवागाम, सुरत
१६ मार्च २०२५

ती. स्व. वाल्मिकदादास,
सरलाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की शेजारीण विचारते, सरलाबाई कोणाशी भांडतात? म्हणून पत्रच बरं. बर्फाच्या कारखान्यात तीस वर्षं यंत्रापाशी उभा राहिलास आणि कान तिथेच ठेवून आलास.

मागच्या मे महिन्यात उन्हाने घरात पडलास ते शेजारच्या लोटूला दोन तासांनी कळलं. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर आहे. वहिनी गेल्यावर त्या घरात तुला पाणी विचारायलाही कोणी नाही. उन्हाळ्याआधी इकडे निघून ये, कायमचा.

दुसरं म्हणजे आम्ही जुना एसी घेतोय. भेस्तानच्या दुकानात दोन आहेत. एकावर १२००० बीटीयू लिहिलंय, दुसऱ्यावर ५.२ किलोवॅट. हे म्हणतात, बारा हजारांपुढे सव्वापाच काय टिकणार? तुझी भाची योगिता हसते, पण समजावून सांगत नाही. तूच सांग, मोठा कोणता?

तुझी वाट पाहणारी,
सरला

---

अमळनेर
२२ मार्च

चि. सौ. सरला हीस,
अ. उ. आ.

भाईदासांना सांग, लूमवर कापड मीटरने मोजता की इंचाने? इंचाचा आकडा मोठा म्हणून कापड वाढत नाही.

सगळं बर्फात मोज म्हणजे कळेल. एक टन म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी. अमेरिकेतल्या लोकांचा टन आपल्यापेक्षा हलका, म्हणून ९०७. यंत्रात बर्फ नसतो, पण माप तेच राहिलं. तेच माप तासाला १२००० बीटीयू, तेच ३०२४ किलोकॅलरी आणि तेच साडेतीन किलोवॅट. म्हणजे तुमचा बारा हजारवाला एक टनाचा आणि सव्वापाचवाला जवळजवळ दीड टनाचा. भाईदास आता मीटर जळेल म्हणून घाबरतील. ते सव्वापाच विजेचे नव्हेत, खोलीतून बाहेर फेकलेल्या उष्णतेचे. वीज साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी लागते.

पण मोठा घेतला म्हणजे शहाणपणा झाला असं नाही. खोलीची मापं, पत्रा, खिडकी, शेगडी, फ्रिज आणि घरातली माणसं लिहून पाठव. माणूसही शेगडीच असतो. नुसता बसला तरी दिवसरात्रीत तीस किलो बर्फ वितळवतो.

माझ्या येण्याचा विषय आता पुन्हा काढू नकोस. पत्र्याखाली तुम्ही तिघं कशीबशी मावता, त्यात मी चौथा भार नको.

लोभ उणा करू नकोस,
वाल्मिकदादा

---

नवागाम
२९ मार्च

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

माणूस शेगडी, हे वाचून योगिता रात्रभर आपले तळहात गालांना लावून बघत होती. मी पोळ्या लाटताना स्वतःचं तीस किलो मोजत होते. दादा, कारखाना सुटला तरी तुझं शिकवणं सुटत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

मापं अशी: खोली दहा बाय पंधरा, वर पत्रा, त्याला आतून थर्माकोल लावून घेतला आहे. पश्चिमेला एक खिडकी. फ्रिज लहान. गॅस दोन्ही वेळा. माणसं चार.

उत्तराकडे डोळे लावून,
सरला

---

अमळनेर
४ एप्रिल

चि. सौ. सरला हीस,
अ. उ. आ.

हिशेब केला. चार वेळा केला, कारण जमेना. पत्रा, भिंती, खिडकी, गॅस आणि फ्रिज मिळून ३.१ किलोवॅट. दर माणशी ०.१२ धरले. चार माणसं धरली की एकूण ३.५८ होतात आणि एक टनवाला थोडक्यात कमी पडतो. मग माझ्या लक्षात आलं. तू, भाईदास आणि योगिता, माणसं तीनच. तीन धरली की ३.४६. एक टनात बसतं. सातवीत तू पाढ्यात हेच करायचीस, घाईघाईत एक जास्त. बारा हजारवालाच घ्या.

इकडे ऊन आत्ताच चटका देतं. दुपारी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसतो. काळजी नसावी.

तुझा,
वाल्मिकदादा

---

नवागाम
१२ एप्रिल

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

रागावू नकोस. आम्ही सव्वापाचवाला घेतला. काल लागला. हे पहिल्याच संध्याकाळी चादर घेऊन बसले आणि आता थंडी वाजते म्हणून तक्रार करतात.

पाढा माझा चुकला नव्हता. चौथा तू आहेस. तू भार किती, हे मला नेमकं बघायचं होतं आणि तूच काढून दिलंस. शून्य पूर्णांक बारा. दिवसाला तीस किलो बर्फ. एवढ्यासाठी तू वर्षभर मला नाही म्हणत होतास? तेवढा बर्फ यंत्रात आधीच धरला आहे. तू आला नाहीस तर तो रोज फुकट जाईल.

आई गेल्यापासून आखाजीच्या सणाला मी तुझ्याच दारात येते, तेच माझं माहेर. या वेळी तूच इकडे ये. मांडे मी करते. ओला टॉवेल आणू नकोस.

तुझीच,
सरला

---

अमळनेर
१९ एप्रिल

चि. सौ. सरला हीस,
अ. उ. आ.

हिशेब पुन्हा पहिल्यापासून केला. तुझाच बरोबर आहे. माणसं चार.

घराची किल्ली लोटूकडे दिली. सव्वीस तारखेच्या गाडीने निघतो. भाईदासांना उधना स्टेशनवर पाठव, आणि त्यांना सांग, हाक मारू नका, मला ऐकू येणार नाही. हात वर करा.

दादा