त्या बाईचा आवाज

दादा,

काल तुझ्या दिवाणखान्यात मी गप्प बसले, ते तुझं पटलं म्हणून नव्हे.

बाबांची नजर गेल्यापासून तू त्यांना मोबाइलवर कादंबऱ्या लावून देतोस. कालही एक लागली होती, एक बाई वाचत होती. तू मान डोलवत मला म्हणालास, "याला म्हणतात आवाज! नाहीतर तू. आधी नाटकात रडलीस, मग मालिकेत खाष्ट सासू होऊन किंचाळलीस, आता म्हणे कार्टूनमधल्या अस्वलाला आवाज देतेस. या बाईकडून काहीतरी शिक."

अरे, ती बाई मीच आहे! टोपणनावाने वाचते, एवढंच. माझं एकही नाटक तू पाहिलं नाहीस, फोनवर धड दोन वाक्यं बोलत नाहीस, मग तुला आवाज ओळखू येणार कुठून? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुला सुनवायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबांनी माझा हात घट्ट धरला.

बेल वाजली आणि तू दार उघडायला गेलास, तेव्हा ते कुजबुजले, "बोलू नकोस. पहिल्या पानालाच ओळखलं मी तुला. त्याला कळलं तर तो बंद करेल."

तूच बजावलं होतंस ना, या घरात तिच्या नाटकांचं नावही काढायचं नाही? आता म्हाताऱ्या बापाला पोटच्या लेकीचा आवाज चोरून ऐकावा लागतो. लाज वाटायला हवी तुला!

त्यांचं ते ऐकणं बंद पडू नये, म्हणूनच हे पत्र टपालात टाकत नाही. पुढची कादंबरी मात्र वाचायला चांगली जाडजूड निवडली आहे.

तुझी धाकटी बहीण,
आणि ती बाईसुद्धा