पॉइंट चार मिलिमीटर लाड

१९ नोव्हेंबर, गुरुवार

प्रिय बाबा,

नमस्कार. मी बरी आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं तर सोमवारपासून एका जागी बसवत नाहीये. फोन केला की तुम्ही "जेवलीस का?" विचारता, मी "हो" म्हणते आणि सांगायचं ते राहूनच जातं. आईचा गुडघा कसा आहे? जिना कमी चढ म्हणावं.

पान उलटायचं यंत्र आम्ही करतोय, हे मागे बोलले होते. ज्यांचे हात चालत नाहीत त्यांच्यासाठी. हनुवटीने बटण दाबलं की यंत्राच्या बोटाने पान उलटायचं. ऐकायला सोपं. पण दोन महिने ते कधी तीन-तीन पानं उचलायचं, कधी नुसतंच कागदावर घासत बसायचं. एकदा तर पुस्तकच टेबलाखाली भिरकावलं. आमचे लेथवाले काका म्हणाले, "याला वाचनाची आवड नाही, पोरी. सक्ती करू नकोस."

बाबा, काय मजा येते या कामात! बोटाला मी स्पंज लावून पाहिला, खोडरबर लावलं, फुग्याचा तुकडा लावला. इंजिनिअरिंग म्हणजे असा पोरखेळही असतो, हे कॉलेजात कोणी सांगितलंच नाही.

यंत्र वापरून बघायला एक निवृत्त हेडबाई येतात. त्या खुनाच्या कथा वाचतात. एकदा ओरडल्या, "अगं, एकाहत्तरावरून थेट चौऱ्याहत्तर! खून कोणी केला तेवढंच नेमकं गिळलं तुझ्या यंत्राने!"

मग लक्षात आलं, बोटाचा सांधा मी इतका घट्ट बसवला होता की बोटाला कागद कळतच नव्हता. त्यात पॉइंट चार मिलिमीटर मोकळीक ठेवली. बोट आपल्याच वजनाने पानावर टेकलं, वरचं एकच पान अलगद उलटलं. हेडबाई सलग अकरा पानं वाचत राहिल्या. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही त्यांनी. मला तर उड्या माराव्याशा वाटल्या.

आता जे टाळतेय ते लिहिते.

ड्रॉइंगवर त्या आकड्यापुढे मी "लाड" लिहून गेले. नकळत. दुकानात शिलाई मशीनच्या पोटात हात घालून तुम्ही म्हणायचात ना, "पुरतं आवळू नकोस. थोडा लाड ठेव, नाहीतर कापड फाडेल." मला वाटायचं, सगळं जग त्याला लाडच म्हणतं.

आमच्या विभागप्रमुख मॅडमनी विचारलं, "लाड? हे काय?" सगळे हसले. पण शब्द त्यांना आवडला, युक्ती तर फारच. "कुठून सुचलं गं?"

मी म्हणाले, "सहज. माझंच आहे."

आता काका रोज विचारतात, "आज किती लाड करायचे?" आणि मी ड्रॉइंगमध्ये तोंड खुपसते.

नोकरीच्या पहिल्या दिवशी कोणी विचारलं, वडील काय करतात? मी सांगितलं, "यंत्रांच्या क्षेत्रात आहेत." तुम्ही गल्लीत माणसं अडवून "माझी इंजिनिअर" सांगता आणि मी तुम्हाला क्षेत्रात नेऊन ठेवलं. लाज वाटत नव्हती, असं लिहिणार होते. वाटत होती, बाबा.

सोमवारी यंत्राच्या नोंदणीचा अर्ज आला. "कल्पना कोणाची" या रकान्यात माझं एकटीचं नाव, टाइप करून. फक्त सही करायची होती. दोन दिवस तो कागद घेऊन नुसती फिरत होते. काल जाऊन मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "इतके दिवस का नाही बोललीस?" त्यांनी दोन नावांचा नवा अर्ज काढला. "पुढच्या शुक्रवारपर्यंत त्यांची सही आण. नाहीतर नोंदणी थांबेल."

अर्ज सोबत आहे. तुमच्या नावापुढे "व्यवसाय : शिलाई मशीन दुरुस्ती" हे मी माझ्या हाताने लिहिलंय. "माझं काय त्यात, पोरीचंच आहे," असं म्हणून कागद परत पाठवू नका. हवं तर रागवा. रागवायलाच हवं. पण मला माफ करायचं म्हणून सही करू नका. ते तुमचं आहे म्हणून करा.

तुमची सही होईपर्यंत माझी जागा कोरीच ठेवली आहे.

तुमचं नाव लपवलेली,
तुमची मुलगी