संकष्टीचा गजर

लेस्टर, १७ ऑक्टोबर २००६

प्रिय आई,

तुमचं चकल्यांचं पार्सल काल पोचलं. नीलने अर्ध्या चकल्या उभ्या उभ्या संपवल्या. तुमचाच मुलगा, सून बिचारी काय बोलणार. आज फोन न करता मुद्दाम लिहायला बसले आहे. फोनवर तुम्ही मला दोन वाक्यांत गप्प करता आणि वर तब्येतीला जप म्हणून फोन ठेवता.

आमच्या गोळ्यांच्या डब्याची बातमी आधी सांगते. भिंतीवरच्या घड्याळाची मोटर, अठ्ठावीस कप्पे आणि एक गजर, एवढ्यावर तो चालतो. पेन्शनवर जगणाऱ्या माणसालाही परवडेल. इथल्या एका केअर होममध्ये सहा महिने चाचणी झाली, एकही गोळी चुकली नाही. पहिले पन्नास डबे लोकांच्या घरी द्यायचे की नाही, ते कमिटी पुढच्या शुक्रवारी ठरवणार आहे. माझं चार वर्षांचं काम त्या एका दुपारवर आलं आहे. गणपतीनंतर तुम्हाला एक डबा दिला, तेव्हा तुम्ही त्याला हळदीकुंकू वाहिलंत आणि फटीत कुंकू जाईल म्हणून मी कुरकुरले.

केअर होममधल्या आजी-आजोबांपुढे साडेबाराला रोज न चुकता जेवण येतं. एखाद्या दिवशी माणूस जेवणारच नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. लहानपणापासून घरात संकष्टी पाहिलेली मी, एवढी शिकले आणि इथे माती खाल्ली. तुम्ही कित्येक वर्षं त्या दिवशी दुपारची साखरेची गोळी टाळून चंद्रोदयानंतर जेवणाबरोबर घ्यायचात. डॉक्टरांना विचारून, वहीत लिहून ठेवलेली रीत होती ती.

मागच्या मंगळवारी, संकष्टीच्या दुपारी, तुम्ही तुमच्या पिनरच्या लायब्ररीत साखर उतरून चक्कर येऊन पडलात. हॉस्पिटलमध्ये तुम्ही सांगितलंत, विसरले, उपाशीपोटी चुकून गोळी घेतली. मग डॉक्टर रागावले, नील रागावला, उपासतापास बंद करा म्हणाला. मी पलंगाच्या पायाशी उभी राहून ऐकत होते. गुरुवारी तुमच्या डब्यातली त्या दुपारची नोंद पाहिली. गजर पंचवीस मिनिटं वाजत होता. गोळी उचलल्याशिवाय तो थांबत नाही, मीच तसा केला आहे. तुम्ही विसरला नव्हतात, आई. एवढा वेळ तुम्ही थांबलात, आणि मग सुनेचं यंत्र चुकणार नाही म्हणून गोळी घेतलीत. हे कळल्यावर मी वर्कशॉपमध्ये बसून रडले.

आता नव्या डब्याला 'आज जेवण नाही' असं बटण बसवलं आहे. ते दाबलं की गजर थांबतो आणि गोळी आत बंद राहते. आमच्या शेजारच्या खालांचे रोजे चालू आहेत. त्यांनी ते दाबून पाहिलं आणि मलाच विचारलं, हे पहिल्यापासून का नव्हतं म्हणून.

सोबत कमिटीसाठी लिहिलेलं निवेदन आहे. चूक डब्याची, म्हणजे माझी, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. पन्नास डबे कदाचित लांबतील, लांबू देत. पाच दिवस गप्प राहून आज सकाळी मी नीललाही खरं सांगितलं. खाली तुमच्यासाठी जागा सोडली आहे. त्या पंचवीस मिनिटांत काय झालं ते तुम्ही मराठीत लिहा, मी जसंच्या तसं इंग्रजीत करीन. भीती एकच आहे, की तुम्ही पुन्हा मला पाठीशी घालाल. या वेळी नका घालू.

तुमचीच,
कस्तुरी