कमलचा पाय

३ एप्रिल ८६
उजाडता उजाडता सासूबाईंच्या हाका. मायलेकी मोहाची फुलं वेचायले गेल्या होत्या, झाडाखाली अस्वल. कमल पळाली, नाल्याच्या दगडांत डावा पाय मुरगळला. अस्वल मागं आलंच नाई म्हणे, मोह खात राह्यलं. दोघांनी धरून घरी आणली. घोटा पेरूएवढा. माठाच्या पाण्यात फडकं भिजवून गुंडाळलं, पाय उशीवर. ती हसत होती. मी नाई.

संध्याकाळी सूज आणखी. कातडी चकचकीत. पाय टेकवतच नाई. मुरगळला की मोडला? दवाखाना दूर मूल गावाले, नि एसटी रविवारच्या बाजारालेच.

४ एप्रिल
शाळेतून आलो तर पाय बांधून झालेला. सासूबाईंनी सोमाजीले बोलावलं, हाड बसवणाऱ्याले. हळद-चुना, बांबूच्या कामट्या, वरून सुतळी करकचून. ओढताना ओरडली तर शेजारी जमले म्हणे. सोमाजी बजावून गेला, "गुरुजी, आठ दिवस सोडाचं नाई. सोडलं का पाय वाकडा राह्यते."

मागच्या आळीतल्या दसरूचा हात असाच बांधला होता. आता कोपराखाली काही नाई. घरात बोललो नाई हे.

५ एप्रिल
सकाळी बोटं पाहिली. निळसर. थंड. नख दाबून सोडलं, रंग परत येईना. उजव्या पायाचा लगेच येते.

"मुंग्या येऊन राह्यल्या का?"

"काल येत होत्या. आता काईच नाई. बरं वाटून राह्यलं."

बरं वाटते म्हणाली नि मी सुतळीची गाठ सोडाले बसलो.

सासूबाई आडव्या आल्या. "जावईबापू, माह्या पोरीले लंगडी करता का?" त्यांच्यावर आवाज चढवला, पहिल्यांदाच. मग विळा घेतला, पण पातं कातडीजवळ न्याले धजलो नाई. "आणा इकडं," कमल म्हणाली. तिनंच कापली.

कामट्यांचे वळ खोल. बराच वेळ बोटं तशीच. मग करंगळीपाशी जराशी लाली, नि कमल रडाले लागली, दुखून राह्यलं म्हणून. मी भिंतीकडं तोंड करून डोळे पुसले.

सासूबाईंचा राग तसाच. पण पाय उचलून उशीवर त्यांनीच ठेवला.

६ एप्रिल
मूल, एसटी स्टँडवर. येताना मागची लांब सीट, पाय माझ्या मांडीवर, जुन्या लुगड्याची सैल पट्टी. गाडी थांबली की बोटं चाचपत आलो. चार गरम. अंगठा थंडच. वाऱ्यानं असेल.

दवाखान्यात म्हणाले, सोडलं ते बरं केलं. चंद्रपूरले नेऊन हाडाचा फोटो काढा. "अंगठ्याचं?" विचारलं. "पाहू."

सासूबाई चहा आणाले गेल्या. कमल म्हणते, "धानाच्या रोवण्याले उभी राहीन न जी मी?"

"राहशीन."

म्हणता म्हणता अंगठा चिमटीत धरून दाबला. जोरानं. ती चंद्रपूरच्या गाडीकडं पाहत होती. तशीच पाहत राह्यली.