बापूजींच्या सेटमधला ३७७३

१३ मे, मंगळवार

पुरावा सापडला. चौदा वर्षांनी!

बापूजींचा अँप्लिफायर महिनाभरापासून घूं करत होता. गाणं कमी, घूं जास्त. सुहासिनी रोज टोमणे मारते – "दुकानात जन्म गेला तुमचा, अन् घरचा सेट असा बोंबलून राहिला." शेवटी आज टेबलावर घेतला, झाकण काढलं. पॉवर सप्लायचा मोठा ट्रान्झिस्टर पाहिला. सर्किटच्या नकाशात नंबर ३०५५ आणि आत बसलाय ३७७३. त्यावरची अक्षरं पुसट, कोणी घासून परत छापल्यासारखी.

हा सेट शेवटचा उघडला होता जितूने. पंचवीस-एक वर्षं झाली असतील. जितेंद्र, माझा धाकटा भाऊ, बर्डीच्या बाजारातल्या आमच्या रिपेअरिंगच्या दुकानात बरोबरीचा भागीदार. २०११ मध्ये मी त्याला भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर म्हटलं होतं – तू लोकांच्या सेटमधला असली माल काढतोस आणि डुप्लिकेट घालतोस. त्याने हातातला पेचकस ठेवला आणि पायऱ्या उतरून गेला. आता कळमेश्वरला असतो. बापूजी गेले तेव्हा आला, तेरावं झालं की परतला. तेव्हापासून बोलणं नाही.

आणि मी मात्र इतकी वर्षं मनात घोळवत बसलोय – उगाच तर नाही बोललो? घ्या आता. बापाचा सेटही सोडला नाही त्याने.

१४ मे

जितूचा ट्रान्झिस्टर काढून डबीत टाकला. बर्डीवरून नवा ३०५५ आणला. दुकानदार म्हणे, "एकदम ओरिजनल, काकाजी." बसवला. बटण दाबलं. फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला.

डोकं फिरलंय.

१५ मे

चूक माझीच. ट्रान्झिस्टरच्या खाली अभ्रकाचा पातळ तुकडा असतो, त्याचं अंग सेटच्या पत्र्याला लागू नये म्हणून. तो जुन्याला चिकटून निघाला आणि मी घाण समजून पुसून फेकला. चाळीस वर्षं दुसऱ्यांना हेच सांगत आलो की आधी अभ्रक पाहा.

सुहासिनीला सांगितलं, फ्यूजच खराब होते.

१७ मे

पंचेचाळीस डिग्री. कूलर लावला तर त्याच्या वाऱ्याने सोल्डरिंग आयर्नचं टोक गार पडतं, सोल्डर वितळत नाही. कूलर बंद केला तर घाम चष्म्यावर टपकतो आणि ट्रान्झिस्टरचा पाय कुठला, वायर कुठली, काही दिसत नाही. तीन वेळा केलं, तीन वेळा सुटलं. सेट उचलून अंगणात फेकावासा वाटला. वय झालं, दुसरं काय.

१९ मे

अभ्रक घातला. फ्यूज टिकला. सेट सुरू झाला – आणि घूं जसाच्या तसा! तरी म्हटलं, चालू दे थोडा वेळ. अर्ध्या तासात जळका वास आला. नवा ट्रान्झिस्टर खलास.

सुहासिनी दारात उभी होती. "जितूभाऊजीले विचारा ना एकदा."

"त्याले काहून विचारू?"

"त्यायनं लावलेला पंचवीस वर्षं टिकला. तुमचा अर्धा तास."

मी जेवलो नाही. तिनेही आग्रह केला नाही.

२१ मे

सकाळी जळलेला ट्रान्झिस्टर वाइसमध्ये पकडला आणि करवतीने त्याची टोपी कापली. असली असला तर आतली चिप चांगली मोठी असते. याची निघाली मोहरीएवढी. म्हणजे डुप्लिकेट. मला डुप्लिकेट विकला, मला!

त्याच रागात जितूचा ट्रान्झिस्टर ठेवलेली डबी उघडली. म्हटलं, याचाही सोक्षमोक्ष लावू. हाच कापून सुहासिनीच्या समोर ठेवतो, म्हणजे कोण खरं ते कळेल. करवत चालवली. टोपी निघाली.

चिप करंगळीच्या नखाएवढी. शंभर टक्के असली. नकाशातल्यापेक्षा दणकट माल घातला होता त्याने, आणि तो काही स्वस्तातला नाही. उन्हाळ्यात इथलं व्होल्टेज कसं नाचतं ते त्याला ठाऊक होतं.

दोन्ही चिपा शेजारी ठेवल्या. मग लक्षात आलं, कापण्याआधी याला मीटर लावूनच पाहिला नाही. तो बिघडला होता कुठे? नंबर पाहिला आणि गुन्हेगार ठरवला.

२२ मे

घूं कशाचा होता ते सापडलं. पट्टीखाली दडलेला मोठा कपॅसिटर, बूड फुगून टम्म. एवढंच होतं. ट्रान्झिस्टर ठणठणीत होता. मी कापला.

जितू दुकान सोडून गेला तेव्हा बापूजींनी मला एकच विचारलं होतं – "मधू, तू डोयानं पाहिलं का?" मी म्हणालो होतो, मले पाहायची गरज नाही. लाज वाटतेय. कागदावरही लिहवत नाही.

२४ मे

सुहासिनीकडे जितूचा नंबर निघाला. ती आणि वंदना – जितूची बायको – दर दिवाळीला बोलतात म्हणे. चौदा वर्षं! मला पत्ता नाही.

फोन लावला. म्हटलं, "जितू, मधू बोलून राहिलो. उद्या येऊ का?"  तो म्हणाला, "ये ना दादा."

काय बोलायचं ते चार वेळा मनात म्हणून पाहिलं. दर वेळी मधेच अडकतो.

२५ मे, रविवार

कळमेश्वरला जाऊन आलो. हात जोडून माफी मागितली. कापल्याचंही सांगितलं. जितूने आतून एक डबी आणली, तसलाच एक ३७७३ काढून माझ्या हातावर ठेवला. "आधी मीटर लावायचा ना गा, दादा. कापला काहून?"

वंदना चहा करायला आत गेली. तो खाली मान घालून हळूच म्हणाला, "माफी नको मागू. तो बापूजींचा सेट होता, म्हणून त्याच्यात असली टाकला. बाकीच्यायच्या सेटमधी तू त्या दिवशी दुकानात म्हटलं तेच करत होतो मी, डुप्लिकेट टाकत होतो."

वंदना चहा घेऊन आली. म्हणाली, "इतक्या वर्षांनी आले दादा, आता जेवूनच जा."

जेवलो.