मंगळाच्या पदरी दोन चंद्र

आई, आज सातवीच्या वर्गात मंगळ शिकवला. तुझाच मंगळ, ज्याच्यापायी माझ्या लग्नाच्या काळजीनं तू अर्धी झालीस. फळ्यावर लाल खडूनं गोळा काढला, शेजारी दोन ठिपके दिले आणि सांगितलं, ह्याला दोन चंद्र आहेत, पण आपल्या चंद्रासारखे गोल गरगरीत नाहीत. यानांनी काढलेले त्यांचे फोटो तू बघितले असतेस तर म्हणाली असतीस, अगं, हे तर गुळाच्या फुटलेल्या ढेपेचे खडे! चिक्कीच्या भट्टीवर जन्म काढलास, तुला दुसरं काय आठवणार? त्यातला मोठा चंद्र मंगळाच्या इतक्या जवळून पळतो की तिथं दिवसातून दोनदा उगवतो, आणि तोही पश्चिमेला. एक पोरगी पटकन म्हणाली, "बाई, मग तितं संकष्टी लय लवकर सुटत आसंल!" सगळा वर्ग खो-खो हसला. मीही हसले, पण डोळ्यांपुढं तूच आलीस.

पावसाळ्यातली अंगारकी आहे. दिवसभर कढईतला पाक ढवळून तू घरी आलीयस, लुगड्याला गुळाचा वास आहे आणि पोटात पाण्याशिवाय काही नाही. शेंगदाणा-गूळ उपासाला चालतो गं, असं भट्टीवरच्या बाया सांगून थकल्या, पण तुझं आपलं कडक म्हणजे कडक. कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ होऊन गेलीय, मी ताट वाढून बसलेय. बाहेर लोणावळ्याचं धुकं. समोरचं घर दिसत नाही, तिथं चंद्र कुठला दिसायला! शेवटी तू पाटावर तांदळाचा चंद्र काढतेस, त्याला हळदकुंकू वाहतेस. "दिसला न्हाई म्हून काय झालं, तितंच हाय त्यो," म्हणतेस आणि मग कुठं पहिला घास घेतेस. मी चिडायचे. म्हणायचे, कोट्यवधी मैलांवरच्या त्या मंगळाला माझ्या लग्नाचं काय पडलंय? तू शांतपणे म्हणायचीस, "त्याला नसंल, मला हाय."

स्थळं यायची आणि पत्रिका बघून परत जायची. खंडाळ्याच्या पाहुण्यांनी तर चहाला तोंडही लावलं नाही. मग पत्रिका करणाऱ्या गुरुजींनीच सुचवलं, जन्मवेळ जरा सरकवू, मंगळ आपोआप घर बदलेल. तू ताडकन उठलीस. "कळा म्या सोसल्यात, येळ मला ठावं. पोरीचा संसार खोट्यावर न्हाई मांडायचा!" गुरुजी पत्रिका गुंडाळून उठले. पण ते गेल्यावर चुलीपाशी बसून तू रडलीस. "म्याच तुला वाईट येळंला जन्माला घातली," म्हणालीस. आई, हे वाक्य मला अजून टोचतं. तुझा त्यात काडीचा दोष नव्हता गं. पुढं ज्यांनी खरं ऐकून होकार दिला, त्या घरातला तुझा जावई आजही ठणठणीत आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात.

आता तुझ्या नातीची वेळ आलीय. ती नवलाख उंबरे गावाजवळच्या कंपनीत इंजिनीअर आहे. मुलगा पवनानगरचा, त्याच कंपनीत कामाला, दोघांचं मन जुळलंय. मुलाच्या आईनं पत्रिका मागितली आणि तिथंच गाडी अडली, कारण नातीलाही मंगळ आहे आणि मुलाला नाही. भाऊ म्हणाला, "ताई, येळ थोडी फुडं घे की, कोण बगाया गेलंय?" नात म्हणाली, "आई, खरं ते सांग. पण नीट सांग, मला तोच हवाय." 

परवा मी मुलाच्या आईला फोन केला. म्हटलं, ताई, आमच्या मुलीला मंगळ आहे.  मग माझ्यातल्या मास्तरणीला राहवेना. म्हटलं, त्या मंगळाला स्वतःचीच दोन लहानगी सांभाळता येईनात. एक चंद्र हळूहळू त्याच्याकडं ओढला जातोय, कधीतरी फुटेल. दुसरा हळूहळू लांब चाललाय. तो बिचारा आपल्या दोघींच्या पोरांचं घर कशाला मोडेल?  त्या म्हणाल्या, "घरात इचारते आन मंगळवारी सांगते." सात वारांतून त्यांना नेमका हाच सापडावा!

आज तो मंगळवार, आणि अंगारकी. संध्याकाळ झालीय, धुकं पार ओसरीवर आलंय. नात मोबाईल समोर ठेवून बसलीय, फोन अजून वाजलेला नाही. मी पाटावर तांदळाचा चंद्र काढला आणि त्याच्या शेजारी गुळाचे दोन खडे ठेवले, एक मोठा, एक बारका. हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही, पाटाखालीच सरकवून ठेवते. आयुष्यात पहिल्यांदा उपास धरलाय. घरात सांगितलं, आईच्या आठवणीसाठी. तुला म्हणून खरं सांगते, थोडा त्या मंगळासाठीसुद्धा धरलाय.